फिजिक्समधून मोटर प्रोटीनकडे: नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सी फिजिक्स करून मी पेशीत हालचाल घडवणाऱ्या मोटर प्रोटीनच्या कामात आले, तेव्हा ‘एटीपी हे पेशीचं चलन’ एवढं वाक्य पाठ होतं. एटीपी म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू; त्या चलनातून हालचाल नेमकी कशी विकत घेतात, असं कोणी विचारलं असतं तर गप्प बसले असते.

तुम्ही या वाटेने येत असाल, तर पेपरांचा ढीग उपसण्याआधी ग्लायडिंग अ‍ॅसे, म्हणजे तंतू सरकवून बघायचा प्रयोग, स्वतःच्या हाताने करा. काचेवर कायनेसिन हे मोटर प्रोटीन बसवायचं, त्यावर चमकणारे मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे पेशीतले नळीसारखे तंतू, सोडायचे आणि एटीपी घालायचा. माझे तंतू आठवडाभर जागचे हलले नाहीत. प्रोटीनच खराब असणार, म्हणून ते पुन्हा बनवलं. एका सिनियर ताईने वही पाहिली आणि विचारलं, ‘‘केसीन घातलंस?’’ दुधातलं हे प्रथिन आधी काचेवर पसरावं लागतं, नाहीतर कायनेसिन काचेला आडवं पडून चिकटतं आणि निकामी होतं. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तंतू सरकायला लागले. एक तर दुसऱ्याला ओलांडून पुढे गेला. मी जेवायला जायचंच विसरले.

मग स्टॉपवॉच घेऊन वेग मोजला: सेकंदाला सुमारे ०.८ मायक्रोमीटर. कायनेसिन तंतूवर दोन पायांनी चालतं; त्याचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, म्हणजे सेकंदाला शंभर पावलं आणि दर पावलाला एक एटीपी. हे गणित स्वतः केल्यावर विषय माझा झाला.

खरी अडचण पुढे आली. एटीपी फुटतो आणि त्या धक्क्याने प्रोटीन पुढे जातं, असं मी धरून चालले होते. तसं नाही. एटीपी पुढच्या पायाला नुसता जोडला गेला, की त्याच्या मानेजवळची पट्टी त्या पायालाच चिकटते आणि मागचा पाय पुढे फेकला जातो. तो पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांत चाचपडत पुढची जागा शोधतो, एडीपी (एटीपी फुटून फॉस्फेट गेल्यावर उरलेला भाग) सोडतो, तेव्हा त्याची पकड घट्ट होते. एटीपी फुटून फॉस्फेट निघून गेलं, की मागच्या पायाची पकड सुटते.

स्नायूतल्या मायोसिनचं मात्र उलटं. एटीपी जोडला गेला की त्याची पकड सुटते. मृत्यूनंतर एटीपी संपतो, पकडी सुटत नाहीत, म्हणून शरीर ताठरतं. या दोघांची गल्लत मी कितीतरी दिवस केली. तुम्ही वहीत दोन रकाने पाडा आणि प्रत्येक टप्प्याला लिहा, पकड घट्ट की सैल.

नंतर एटीपीऐवजी एएमपी-पीएनपी हा त्याच्यासारखाच रेणू घालून बघा. हा जोडला जातो, पण सहज फुटत नाही. कायनेसिनची पकड सुटत नाही आणि तंतू होते तिथेच गोठतात. १९८५ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूतलं कायनेसिन याच पकडीचा फायदा घेऊन वेगळं काढलं होतं.