पोया पाळायची आहे? आधी भिंत बघा

मधमाशी पाळायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, मध किती मिळेल? पोयाच्या बाबतीत उत्तर आधीच देऊन टाकते. वस्ती चांगली भरलेली असेल तर वर्षाला पाव ते अर्धा किलो, आणि पहिल्या वर्षी बहुधा काहीच नाही. हे ऐकूनही ज्यांना रस उरलाय, त्यांच्यासाठी पुढचं लिहितेय.

पोया म्हणजे आपल्याकडची डंख नसलेली मधमाशी. जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, काळपट, लांबून चिलटासारखी दिसणारी. शास्त्रीय नाव टेट्रागोनुला इरिडिपेनिस. फ्रेडरिक स्मिथ या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८५४ साली तिची नोंद केली. जगभरात अशा डंखहीन माश्यांच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. डंख नाही याचा अर्थ ती निमूट सहन करते असा मात्र नाही. घर उघडलं की केसात, कानात, भुवयांत शिरते, कुरतडते आणि चिकट राळ लावून जाते. आमच्या शेजारच्या काकी म्हणतात तेच खरं, "चावूचा काय घेवन बसलंस, केसात शिरली काय कळात तुका!" डोक्याला घट्ट रुमाल बांधला आणि चेहऱ्यावर जाळी घेतली की पुरतं. हातमोजे नकोत, बोटांना अंदाज येत नाही.

मी सिंधुदुर्गात राहते, आणि पोयाच्या आधीपासून माझ्याकडे सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या आपल्याकडच्या डंखवाल्या मधमाशीच्या, पेट्या आहेत. सातेरी पाळता येते म्हणजे पोयाही जमेलच असं समजून खूप जण सुरुवात करतात. पण इथे चौकटी नाहीत, धूर नाही, मधयंत्र नाही. झाडाला लोंबणारा थवा पकडून पेटीत घालणंही नाही, कारण पोयाची नवी वस्ती अशी एका दुपारीत होतच नाही. कामकरी माश्या आधी नवी पोकळी शोधतात, जुन्या घरातून मेण, राळ, मध तिकडे नेत राहतात, आणि बरंच काम झाल्यावर नवी राणी तिकडे जाते. जुनी राणी घर सोडत नाही. अंडी घालायला लागल्यावर तिचं पोट इतकं फुगतं की तिला उडताच येत नाही. या एका गोष्टीवर पोयापालनातलं बरंच काही अवलंबून आहे, म्हणून ती आधी डोक्यात पक्की बसू द्या.

तर वस्ती आणायची कुठून? विकत मिळते. केरळात हे पालन घरोघरी चालतं, बांबूच्या नळ्यांत आणि मडक्यांतही, आणि तिथून पेट्या मागवणारे लोक आपल्याकडे आहेत. मला ते पटत नाही. कोकणात आणि गोव्यात पोया आपल्या भिंतीतच असते. चिरेबंदी घरांच्या जांभ्याच्या फटी, जुनी दाराची चौकट, विजेच्या मीटरची पेटी, गडग्यातली, म्हणजे दगडी कुंपणातली, पोकळी, आंब्या-फणसाच्या ढोली. सकाळी ऊन अंगावर आल्यावर जुन्या भिंतीच्या कडेने सावकाश चालत जा आणि नळी शोधा.

ही नळी नीट बघण्यासारखी असते. मेण आणि झाडाची राळ मिसळून केलेली, करंगळीएवढी किंवा त्याहून बारीक, भिंतीतून बाहेर आलेली. तोंडाशी पहारेकरी माश्या गोल करून बसलेल्या असतात, डोकी बाहेर. एखादी माशी मागच्या पायांवर पिवळा पराग घेऊन येते, तिला वाट मिळते. मुंगी आली तर सगळ्या एकदम पुढे सरकतात. कडेला ताजी राळ लावलेली असते, बोट लावलं तर चिकटतं. पराग घेऊन येणाऱ्या माश्या सतत दिसत असतील तर आत राणी आहे आणि पिल्लं वाढतायत असं धरायला हरकत नाही. नळी सुकून कडक झालेली, तोंडाशी कोळ्याचं जाळं, पहारा नाही, असं असेल तर तो नाद सोडा.

आता मोह होतो छिन्नी-हातोडी घेण्याचा. घेऊ नका. चांगली भिंत किंवा उभं झाड फोडून काढलेल्या वस्त्या बऱ्याचदा वाचत नाहीत आणि भिंत जाते ती वेगळीच. त्यापेक्षा नळीवर रिकामी पेटी जोडा. प्लास्टिकच्या पारदर्शक नळीचं एक टोक भिंतीतल्या दाराशी मातीने किंवा मेणाने पक्कं करायचं, दुसरं पेटीत, आणि पेटीच्या समोरच्या बाजूला माश्यांना बाहेर पडायला भोक ठेवायचं. जुन्या दाराचं थोडं मेण काढून या नव्या भोकाभोवती फासायचं, वासाने त्यांना वाट सापडते. दोन-चार दिवस गोंधळ होतो, मग पेटीतून ये-जा सुरू होते. काही महिन्यांनी त्या पेटीत मधाचे आणि परागाचे बुडबुडे, म्हणजे साठवणीचे गोल मेणाचे कप्पे, बांधायला लागतात. त्यापुढे पेटीत स्वतंत्र वस्ती उभी राहायला कधी वर्षही जातं. घाई असलेल्या माणसाने सातेरी पाळावी, हे मी कुणालाही तोंडावर सांगते.

दुसरा मार्ग जास्त व्यवहारी आहे. आमच्या भागात जुनी चिऱ्याची घरं पाडून स्लॅबची घरं बांधणं सारखं चालू असतं. गावातल्या गवंड्याला आणि जेसीबीवाल्याला सांगून ठेवा की भिंतीत पोया निघाली तर फोन करा. ती वस्ती तशीही मरणारच असते. तिथे गेल्यावर आधी अंड्या-पिल्लांचा झुबका शोधायचा. छोटे छोटे गोल कोश द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना चिकटलेले असतात. गडद तपकिरी ते नवे, फिकट पिवळसर ते जुने, ज्यांतून लवकरच माश्या बाहेर येणार. हा झुबका मोडू न देता, त्याची वरची बाजू वरच ठेवून पेटीत घ्यायचा. हे "वर" फार महत्त्वाचं. प्रत्येक कोशात पातळ खाद्य भरून त्यावर अंडं उभं घातलेलं असतं आणि वरून झाकण लावलेलं असतं. कोश उलटा झाला की अंडं त्यात बुडतं. पेटीच्या वरच्या बाजूला खडूने बाण काढून ठेवा आणि जीपमधून आणताना ती मांडीवर धरा.

फुटलेले मधाचे बुडबुडे पेटीत घालू नका, ते वेगळ्या डब्यात. सांडलेला मध म्हणजे मुंग्यांना आमंत्रण, शिवाय माश्या त्यात बुडून मरतात त्या वेगळ्याच. राणी सापडली तर मऊ पिसाने हळूच आत ढकला. नाही सापडली तर झुबक्याच्या कडेला इतरांपेक्षा मोठा एखादा कोश आहे का बघा. तो राणीचा. तो शाबूत असेल तर वस्ती तरते. मग पेटी अंधार पडेपर्यंत त्याच जागी ठेवायची, बाहेर गेलेल्या सगळ्या आत येतात, तोंडाला जाळी लावायची आणि रात्रीच हलवायची. पोया साधारण अर्ध्या किलोमीटरच्या आतच फिरते. त्यामुळे पेटी दोन किलोमीटर पलीकडे नेली तर त्या नवी जागा शिकून घेतात. त्याच आवारात या टोकाकडून त्या टोकाला नेली तर उडणाऱ्या माश्या जुन्या जागी येऊन घुटमळत राहतात.

पेटीचं फार स्तोम माजवू नका. आतली जागा दीड-दोन लिटर, फळी पाऊण ते एक इंच जाड, फणसाची असेल तर उत्तम. आतून रंग किंवा पॉलिश नको, प्लायवूड नको. पेटी आडवी दोन भागांत उघडता यावी, म्हणजे पुढे विभागणी, एका वस्तीच्या दोन करणं, सोपी जाते. दाराचं भोक सेंटिमीटरभर पुरे. मोठं केलंत तर तेवढं बुजवण्यातच त्यांचे दिवस जातात. पेटी पडवीत तारेला टांगा आणि तारेला ग्रीस लावा. स्टँडवर ठेवायची तर पायांखाली पाण्याच्या वाट्या. मुंग्या, पाली आणि कोळी एवढे तीन सांभाळले की निम्मं काम झालं. सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारचं नको.

पुण्या-मुंबईत गॅलरीत जमेल का, असं विचारणारे पुष्कळ. अर्ध्या किलोमीटरच्या टापूत झाडं असतील तर जमतं. गॅलरीत तुळस, कढीपत्ता, शेवगा एवढ्यावर वस्ती जगत नाही, पण खाली सोसायटीत नारळ असतील, कुंपणावर अँटिगोननची गुलाबी वेल असेल, मोकळ्या जागेत लाजाळू माजलेली असेल तर चांगलं चालतं. नारळ तर वर्षभर फुलतो. डासांचा धूर मारायला माणसं कधी येतात ते आधी विचारून ठेवा आणि त्या संध्याकाळी पेटीच्या तोंडाला जाळी लावा. आमच्याकडे हाच प्रश्न आंब्याच्या मोहोरावर येतो. तुडतुड्यांसाठी फवारणी होतेच, ती थांबवा असं बागायतदाराला सांगायला मी जात नाही. फवारणी कधी आहे एवढं कळवा म्हणते, आणि ते कळवतात.

विभागणी दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण गेल्यावर. राणीचा कोश दिसल्याशिवाय करूच नका. झुबक्याचा एक भाग त्या कोशासकट नव्या पेटीत, थोडा पराग आणि न फुटलेला मध सोबत. ज्या अर्ध्या भागात माश्या कमी आहेत तो जुन्या जागी ठेवायचा, म्हणजे बाहेरून परतणाऱ्या त्यात शिरतात. नवी राणी कोशातून निघाल्यावर एकदा बाहेर उडून नरांशी मिलन करून येते, म्हणून आसपास इतरांच्या भिंतींत पोया असणं तुमच्याच फायद्याचं. गावातल्या सगळ्या वस्त्या गोळा करून आणणाऱ्याला हे उशिरा कळतं.

मध मार्च-एप्रिलमध्ये, तोही एकाच बाजूचा. बुडबुडे सुरीने सोडवून स्टीलच्या गाळणीवर ठेवायचे आणि आपोआप गळू द्यायचे. पिळलात तर पराग मिसळतो आणि आंबतो. चव आंबट-गोड, पातळ. साध्या मधात २० टक्क्यांहून जास्त पाणी चालत नाही, पोयाच्या मधात ते सहज २५ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून तो फ्रिजमध्येच ठेवावा. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी डंखहीन माश्यांच्या मधात ट्रेहॅल्युलोज नावाची, रक्तातली साखर सावकाश वाढवणारी साखर मोठ्या प्रमाणात सापडल्याचं दाखवलं, तेव्हापासून या मधाला भलताच भाव आलाय. त्यावरून मधुमेहाचं औषध म्हणून कुणी विकत असेल तर दूर राहा. हा मध डोळ्यांत घालायची जुनी पद्धत आहे, तीही नको. आणि बाळ जन्मल्यावर मध चाटवण्याची हौस असेल तर आवरा. वर्षाच्या आतल्या मुलाला कुठलाच मध द्यायचा नसतो.

शिकायला पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. तिथला भर सातेरीवर आणि मेलिफेरा या परदेशी मधमाशीवर असतो, पण मधमाशीचं एकूण वागणं समजून घ्यायला प्रशिक्षण कामी येतं. पोयासाठी मात्र ज्याच्या घरी पेट्या आहेत अशा माणसाकडे विभागणीच्या दिवसांत जाऊन शेजारी बसण्याला पर्याय नाही.

जूनपासून पेटी कारणाशिवाय उघडायची नाही. मुसळधार पावसात पोया बाहेर पडतच नाही, साठवलेल्यावर जगते, आणि म्हणूनच एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजूचा मध सोडलेला असतो. उघडीप मिळाली की दाराशी पहारा आहे का, परागाच्या माश्या येतायत का, एवढं बाहेरूनच बघा. पेटी उचलून वजनाचा अंदाज घ्या. हलकी लागली तर साखरेच्या पाकाचे थेंब छोट्या झाकणात, वर काडीचे तुकडे टाकून, संध्याकाळी आत सरकवा आणि सकाळी झाकण काढून घ्या. झाकण तसंच राहिलं तर दुपारपर्यंत मुंग्यांची रांग लागलेली असते.