ऊर्जा क्षेत्रातील प्रशिक्षण घेताना या चुका टाळा

कोराडी, खापरखेडा आणि मौदा ही तीन मोठी औष्णिक वीजकेंद्रे नागपूर जिल्ह्यातच आहेत, राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण प्रतिष्ठानचे केंद्र गोपाळनगरला आहे आणि महानिर्मितीचे प्रशिक्षण केंद्र कोराडीत आहे. त्यामुळे नागपुरात राहून ऊर्जा क्षेत्रात काम करणाऱ्याला प्रशिक्षण मिळत नाही, असे सहसा होत नाही. अडचण वेगळीच असते. प्रशिक्षण संपवून ज्या यंत्रासमोर उभे राहायचे आहे, त्या यंत्राचा विचार न करता कोर्स निवडला जातो, आणि मग प्रमाणपत्र फाइलमध्ये व माणूस पूर्वीच्याच गोंधळात राहतो. खालील चुका मला वर्गात शिकताना आणि पुढे शिकवताना वारंवार दिसल्या आहेत.

यंत्र एक, शिक्षण दुसऱ्याच यंत्राचे

ही सर्वांत महागडी चूक आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. खापरखेड्याला 210 मेगावॅटचे चार संच आणि 500 मेगावॅटचा एक संच आहे, तर कोराडीचे 8, 9 आणि 10 क्रमांकाचे संच प्रत्येकी 660 मेगावॅटचे आणि सुपरक्रिटिकल (अतिशय उच्च दाबावर चालणाऱ्या) पद्धतीचे आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे कोळसा जळतो आणि वाफेवर टर्बाइन फिरते एवढेच दिसते. नियंत्रण कक्षात बसणाऱ्यासाठी मात्र या दोन यंत्रांची शिस्त वेगळी आहे.

210 मेगावॅटच्या बॉयलरला ड्रम, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळे करणारी टाकी, असतो. ड्रममध्ये पाण्याचा साठा असल्यामुळे बॉयलरला पाणी पुरवणारा फीड पंप डळमळला तरी ऑपरेटरला परिस्थिती सावरायला थोडा अवधी मिळतो, आणि त्याची नजर वर्षानुवर्षे ड्रम लेव्हलवर, म्हणजे ड्रममधील पाण्याच्या पातळीवर, स्थिरावलेली असते. वाफेचा दाब सुमारे 221 बारच्या वर गेला की पाणी आणि वाफ यांच्यातील सीमाच उरत नाही. म्हणून सुपरक्रिटिकल बॉयलरला ड्रम नसतो आणि सावरायला तो साठाही नसतो. तिथे फीड वॉटर आणि इंधन यांचे प्रमाण सांभाळणे हेच मुख्य काम होते. इंधनाच्या मानाने पाणी कमी पडले तर नळ्यांच्या धातूचे तापमान फार झपाट्याने चढते. ड्रमच्या सिम्युलेटरवर (नियंत्रण कक्षाची नक्कल करणाऱ्या सरावयंत्रावर) तयार झालेला अनुभवी माणूस अशा वेळी सवयीने, नसलेल्या लेव्हलच्या आधाराने विचार करू लागतो. यात त्याचा दोष नाही, कारण त्याला तसेच शिकवलेले असते.

रसायनशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनाही हीच गोष्ट लागू आहे. ड्रम असला की ब्लोडाउन करून, म्हणजे थोडे पाणी सोडून देऊन, क्षार बाहेर काढता येतात. सुपरक्रिटिकल बॉयलरमध्ये ती सोय नसल्यामुळे कंडेन्सेट पॉलिशिंग युनिट (वाफेचे पुन्हा झालेले पाणी शुद्ध करणारी यंत्रणा) नीट चालवणे अनिवार्य होते. तरीही 660 मेगावॅटच्या प्रशिक्षणासाठी केवळ ऑपरेशनच्या लोकांची नावे पाठवली जातात आणि पाण्याची जबाबदारी असलेला केमिस्ट जुन्या ज्ञानावर काम करत राहतो.

यावर उपाय साधा आहे. नाव नोंदवण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारावे की सिम्युलेटर किती मेगावॅटचा आहे, ड्रम असलेल्या बॉयलरचा आहे की नाही, आणि कमी भारावर (कमी वीजनिर्मितीवर) संच चालवण्याचा सराव त्यात आहे का. शेवटचा प्रश्न आता विशेष महत्त्वाचा आहे, कारण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या विनियमांनुसार कोळशावरील संचांना 40 टक्के भारापर्यंत खाली येता आले पाहिजे. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा औष्णिक संच खाली आणावे लागतात. सुपरक्रिटिकल संच इतका खाली आला की तो ड्राय मोडमधून (सर्व पाण्याची थेट वाफ होते) वेट मोडमध्ये (वाफेपासून पाणी वेगळे काढावे लागते) जाण्याच्या सीमेजवळ येतो, आणि पूर्ण भारावरच शिकलेल्या ऑपरेटरची खरी परीक्षा तिथे होते. कोर्स आधीच झाला असेल आणि तो जुळत नव्हता हे नंतर लक्षात आले असेल, तर पुन्हा नवा कोर्स मागत बसण्यापेक्षा, आपल्या संचाच्या स्टार्टअपच्या वेळी अनुभवी शिफ्ट इन्चार्जजवळ बसून प्रत्येक टप्प्याचे आकडे स्वतःच्या वहीत उतरवावेत. उणीव बरीचशी भरून निघते.

प्रमाणपत्राच्या नावावरून त्याचा अर्थ लावणे

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा आहे आणि त्याखालील ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या परीक्षेला बुटीबोरी व हिंगण्याच्या कारखान्यांतील पुष्कळ अभियंते बसतात. पहिल्या तीन प्रश्नपत्रिका उत्तीर्ण झाल्यास ऊर्जा व्यवस्थापक होता येते आणि चारही उत्तीर्ण झाल्यास ऊर्जा लेखापरीक्षक. चौथी प्रश्नपत्रिका पुस्तके उघडी ठेवून लिहायची असल्यामुळे अनेकजण तिची तयारीच करत नाहीत. वास्तविक तिच्यात बॉयलर, भट्टी, पंप, कॉम्प्रेसर यांच्या कार्यक्षमतेची लांबलचक गणिते असतात, आणि पुस्तकात सूत्र शोधण्यात वेळ गेला की गणित अर्धेच राहते. गणिते घड्याळ लावून सोडवण्याचा सराव आधीपासून करावा.

दुसरा गैरसमज अधिक नुकसानकारक आहे. प्रमाणित लेखापरीक्षक आणि मान्यताप्राप्त लेखापरीक्षक हे दोन वेगळे दर्जे आहेत. कायद्याने बंधनकारक असलेले लेखापरीक्षण करण्यासाठी दुसरा दर्जा लागतो आणि तो मिळवण्यासाठी परीक्षेनंतर लेखापरीक्षणाचा अनुभव दाखवावा लागतो. परीक्षा उत्तीर्ण होताच नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसायाचा बेत आखणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा. तसेच तारतंत्री परवाना, विद्युत पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र किंवा बॉयलर चालवण्याचे प्रमाणपत्र ही शासनाच्या सक्षम अधिकाऱ्याकडूनच मिळतात. एखाद्या खासगी वर्गाचे प्रमाणपत्र, त्यावर कितीही मोठा शिक्का असला तरी, त्यांची जागा घेऊ शकत नाही. शुल्क भरण्यापूर्वी एवढेच विचारावे की हे प्रमाणपत्र कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या कामासाठी ग्राह्य आहे.

सौरऊर्जेचा कोर्स आणि नागपूरचे हवामान

छतावरील सौर प्रकल्पांची मागणी वाढल्यामुळे आयटीआय झालेली पुष्कळ मुले या कामाकडे वळत आहेत, आणि ही चांगली गोष्ट आहे. मात्र अनेक छोटे वर्ग पॅनेलचा छापील आकडाच खरा मानून शिकवतात. तो आकडा 25 अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेला असतो. मे महिन्यात नागपुरात हवेचे तापमान 45 अंशांच्या आसपास असताना छतावरील सेल 65 अंशांपर्यंत सहज तापतो. प्रत्येक अंशामागे 0.35 टक्के घट धरली तर 40 अंशांच्या फरकाने 14 टक्के उत्पादन घटते. ग्राहक तक्रार करतो, तंत्रज्ञ इन्व्हर्टर उघडून बसतो, आणि बिघाड मात्र कुठेच नसतो.

हिवाळ्यातील चूक याहून गंभीर आहे, कारण तिच्यात यंत्र जळते. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो. समजा 50 व्होल्टचे 20 पॅनेल एका ओळीत जोडले, तर 25 अंशांना 1000 व्होल्ट होतात. नागपुरात पहाटे पारा 8 अंशांवर असताना, प्रत्येक अंशामागे 0.28 टक्के वाढ धरल्यास, तीच ओळ सुमारे 1048 व्होल्टवर जाते. इन्व्हर्टरची मर्यादा 1000 व्होल्ट असेल तर सकाळच्या पहिल्या उन्हातच तो धोक्यात येतो. ज्या कोर्समध्ये हे गणित विद्यार्थ्याकडून स्वतःच्या गावाचे तापमान घेऊन करवून घेतले जात नाही, तो अपुरा आहे. तसेच मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलपासूनच्या तारांत डीसी वीज असतेच, आणि भार असताना कनेक्टर ओढल्यास ठिणगीची कमान पेटते. हे पडद्यावर दाखवून पुरत नाही. प्रशिक्षकाने प्रत्येकाच्या हाती मीटर देऊन ते मोजायला लावले पाहिजे.

रात्रपाळीनंतर थेट वर्गात

याविषयी थोडक्यात सांगतो. रात्रपाळी करून सकाळी दहाला वर्गात बसवलेला माणूस काहीही शिकत नाही. प्रशिक्षणाच्या आदल्या रात्री त्याला सुट्टी देता येत नसेल, तर त्याचे नाव पुढच्या तुकडीत टाकावे.

शिकलेले वापरायला न मिळणे

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मला एका कंपनीने रिले प्रोटेक्शनच्या (बिघाड होताच वीज तोडायला लावणाऱ्या उपकरणांच्या) पाच दिवसांच्या कोर्सला पाठवले आणि परत येताच कोल हँडलिंग, म्हणजे कोळसा हाताळणीच्या, विभागात नेमणूक दिली. चार महिन्यांनी रिलेच्या सेटिंगचे काम समोर आले तेव्हा मला नीट आठवत होते ते फक्त वर्गातील फळ्यावरचे चित्र. त्यानंतर मी एक नियम केला आणि तो इतरांनाही सांगतो. कोर्सला जाण्यापूर्वी वरिष्ठांशी बोलून, परतल्यावर पहिल्या महिन्यात करायचे एक प्रत्यक्ष काम ठरवून घ्यावे, मग ते एका फीडरच्या (वीजवाहिनीच्या) रिलेची चाचणी असो किंवा एका पंपाचे कार्यक्षमता मापन. असे काम ठरलेले असले की वर्गातले प्रश्नही बदलतात, कारण माणूस स्वतःच्या पंपाचे आकडे घेऊन येतो आणि प्रशिक्षकालाही नेमके उत्तर द्यावे लागते.

जो खांबावर चढतो, त्याचेच नाव यादीत नसणे

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. सुरक्षेच्या प्रशिक्षणाला अभियंते येतात, कायम तंत्रज्ञ येतात, पण वादळी रात्री खांबावर चढणारा बाह्यस्रोत (कंत्राटदारामार्फत आलेला) कर्मचारी पुष्कळदा यादीत नसतो. जे येतात त्यांच्यासमोरही इंग्रजी स्लाइड लावल्या जातात. लाइन क्लिअर (लाइन बंद करून काम करण्याची परवानगी) घेणे, एबी स्विचची (लाइन तोडणाऱ्या खांबावरील स्विचची) तिन्ही पाती उघडली आहेत हे डोळ्यांनी पाहणे, टेस्टरने वीज नसल्याची खात्री करणे, डिस्चार्ज रॉड (तारेतील उरलेली वीज जमिनीत सोडणारा दांडा) लावून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करणे आणि मगच तारेला हात लावणे, हा क्रम त्याच्या भाषेत, त्याच्याच उपकेंद्रावर, त्याच्या हातून करवून घेतला पाहिजे. दोन्ही बाजूंचे अर्थिंग का, हेही सांगावे: एखाद्या दुकानदाराने चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर जोडलेला असला, तर बंद केलेल्या लाइनमध्ये उलट बाजूने वीज येते आणि रोहित्रातून उलटी जाताना ती पुन्हा 11 हजार व्होल्टची होते.

विदर्भात मे महिन्यात मान्सूनपूर्व वादळे येतात. त्यामुळे हे प्रशिक्षण एप्रिल संपण्यापूर्वी व्हावे, आणि कंत्राटदाराकडून आलेल्या प्रत्येक माणसाने हा क्रम प्रत्यक्ष करून दाखवल्याची नोंद उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये त्याच्या सहीनिशी असावी. ज्याची नोंद नाही, त्याला त्या हंगामात लाइन क्लिअरच्या परमिटवर काम देऊ नये.