आफ्टरग्लोचं ध्रुवीकरण मोजताय? आधी या चुका टाळा

दर पावसाळ्यात हेच होतं. मुंबईचं आकाश तीन-चार महिने बंद, म्हणून उत्साही पोरं परदेशी दुर्बिणींचा जुना, खुला डेटा उतरवून घेतात आणि आठवड्याभरात मला ग्राफ येतो: "सर, पोलरायझेशन सापडलं!" बहुतेक वेळा सापडलेलं नसतं.

पोलरायझेशन म्हणजे ध्रुवीकरण, प्रकाशलहरींचं एकाच दिशेला झुकलेलं कंपन. मुळात ही मोजणी नाजूक. गॅमा किरण स्फोटानंतर (इंग्रजीत जीआरबी, दूरच्या दीर्घिकेतला प्रचंड स्फोट) मागे रेंगाळणाऱ्या उजेडात, म्हणजे आफ्टरग्लोमध्ये, ध्रुवीकरण पहिल्यांदा दिसलं ते १९९९ साली जीआरबी ९९०५१० मध्ये, चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरून. किती? जेमतेम १.७ टक्के.

सगळ्यात जुनाट चूक म्हणजे क्यू आणि यू न बघता थेट टक्केवारी काढणं. ध्रुवीकरण किती आणि कुठल्या दिशेचं, हे क्यू-यू मिळून सांगतात. हे दोन स्टोक्स आकडे धन-ऋण कसेही येतात. टक्केवारी मात्र त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ती ऋण होतच नाही. त्यामुळे प्रकाश अजिबात ध्रुवित नसला आणि क्यू-यूमधली त्रुटी १ टक्का असली, तरी उत्तर सरासरी सव्वा टक्का येतं. तो निव्वळ गोंगाट असतो.

हे मी तोंडघशी पडून शिकलोय. स्फोटातून सुटणारा अरुंद झोत, म्हणजे जेट, थोडा तिरका दिसत असेल तर जेट ब्रेकच्या (आफ्टरग्लो अचानक वेगाने विझू लागतो त्या वेळेच्या) सुमारास ध्रुवीकरणाची दिशा ९० अंशांनी वळावी, असं भाकीत १९९९ मध्येच झालं होतं. आमच्या हाती दोन रात्रींचा डेटा होता. पहिल्या रात्री ०.८ टक्के, दिशा २० अंश. दुसऱ्या रात्री ०.९ टक्के, दिशा १०८. फरक ८८! वडापाव मागवले, स्लाइड्सही झाल्या. मग एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, "त्रुटी किती रे?" ०.६ आणि ०.७. "क्यू-यूचा आलेख काढलास?" काढला. शून्याच्या आजूबाजूला दोन टिंबं, दोघांचीही दुप्पट त्रुटी घेतली की शून्य तिच्या आत. दिशेतली त्रुटी म्हणजे २८.६५ अंश गुणिले त्रुटी भागिले टक्केवारी, तीच वीस अंशांच्या वर गेली. आणि इतक्या कमकुवत मोजमापाला तर हे सूत्र त्रुटी कमीच दाखवतं. वडापाव तसेच गार झाले.

तेव्हापासून माझी सवय: आधी क्यू-यू आलेख, मग बाकी सगळं. टक्केवारी त्रुटीच्या तिपटीहून कमी असेल तर मी दिशेबद्दल बोलतच नाही. तयार संगणकीय नोटबुक चालवून अर्ध्या तासात शोध लावणाऱ्यांना हे पटत नाही. न पटो.

दुसरी चूक धुळीची. आपल्या आकाशगंगेतली धूळ वाटेत प्रकाश ध्रुवित करते. बी-व्ही लालीच्या (धुळीमुळे निळा उजेड जास्त अडून प्रकाश किती लाल झाला, त्याचं माप) दर मॅग्निट्यूडला ९ टक्क्यांपर्यंत, अशी जुनी मर्यादा आहे. लाली ०.१ असली तरी ०.९ टक्का होतो, म्हणजे आमच्या "शोधा"एवढा! त्याच चौकटीतले, शक्यतो लांबचे तारे मोजा आणि त्यांचं क्यू-यू वजा करा. थेट टक्केवारीतून टक्केवारी वजा करणारे महाभागही मी पाहिलेत.

आफ्टरग्लो विझत जातो, हेही लोक विसरतात. हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवीकरणाची दिशा वळवणारी चकती) ०, २२.५, ४५, ६७.५ अंशांवर फिरवत स्फोटानंतर तासाभराने सुरू केलेलं ४० मिनिटांचं निरीक्षण संपेपर्यंत उजेड साठ टक्क्यांवर येऊ शकतो. एकच शलाका (एकाच ध्रुवीकरण-दिशेचा प्रकाश) मोजली तर ही घट ध्रुवीकरणाचं सोंग घेते. वोलास्टन प्रिझम प्रकाश काटकोनातल्या दोन ध्रुवीकरणांत विभागतो, त्यामुळे दोन्ही शलाका एकाच वेळी मिळतात. प्रत्येक चित्रात त्यांचं गुणोत्तर घ्या.

चंद्राचं भान ठेवा, त्याच्या उजेडाने मागचं आकाशही ध्रुवित होतं. संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर पोलरॉइड गॉगल लावून डोक्यावरच्या आकाशाकडे बघत मान कलती करा, आकाश गडद-फिकं होतं. रात्री चंद्रापासून ९० अंशांवर तेच घडतं.

जीआरबी १२०३०८ए मध्ये २८ टक्के दिसलं म्हणून तुमच्या दुसऱ्या रात्रीच्या मोजमापाकडून तशी अपेक्षा करू नका. ते पहिल्या काही मिनिटांतलं होतं.

आणि स्रोत चौकटीच्या मधोमध ठेवा. व्हीएलटीच्या फोर्स-१ उपकरणात कडेला सुमारे १.४ टक्के बनावट ध्रुवीकरण मोजलं गेलंय.