मंगळाचा डेटा, नांदेडचा लॅपटॉप

क्युरिऑसिटी रोव्हरने मंगळावर मोजलेला हवेचा दाब बघायला नासात नोकरी लागत नाही, गाईडचं पत्र लागत नाही, साधा लॉगिनही लागत नाही. नांदेडला जिऑलॉजीत एमएस्सी करताना एका सीनियरने हे सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. आपल्याच तालुक्यातल्या विहिरींची जुनी पाणीपातळी मिळवायला आम्ही अर्जावर अर्ज करत होतो, आणि इथं परक्या ग्रहाची आकडेवारी उघडी पडलेली!

नव्यांनी आधी एक फरक ओळखावा. क्युरिऑसिटीचे फोटो पृथ्वीवर पोचले की लवकरच नासाच्या संकेतस्थळावर दिसू लागतात. ते जेपीईजी असतात, बघायला छान; त्यांच्यावरून खडकाचा रंग किंवा उजेड मोजायला जाऊ नका. मोजमापाचा माल असतो प्लॅनेटरी डेटा सिस्टिममध्ये, म्हणजे नासाच्या ग्रह-डेटाच्या भांडारात, पीडीएसमध्ये. तिथं तपासलेला, कॅलिब्रेट केलेला (म्हणजे उपकरणाच्या चुका दुरुस्त केलेला) डेटा येतो, पण साधारण सहा महिने उशिरा आणि टप्प्याटप्प्याने. तेवढा वेळ मोहिमेच्या टीमला तपासणीसाठी मिळतो. त्यानंतर त्यांची फाईल आणि तुमची फाईल एकच.

पीडीएसची रचना पहिल्यांदा बघणारा गांगरतोच. म्हणून सुरुवात ॲनालिस्ट्स नोटबुक या संकेतस्थळापासून करा. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला जिओसायन्सेस नोड, म्हणजे पीडीएसचा भूविज्ञान विभाग, ते चालवतो. त्यात सोल निवडायचा, म्हणजे मंगळाचा दिवस, साधारण 24 तास 39 मिनिटांचा. त्या दिवशी रोव्हर कुठं होता, कोणतं उपकरण चाललं, काय मोजलं, हे एका जागी दिसतं.

मग फाईल उघडायच्या आधी तिचं लेबल, म्हणजे सोबतची माहितीची नोंद, वाचा. क्युरिऑसिटीचा बराचसा डेटा जुन्या पीडीएस-3 पद्धतीत आहे, पर्सिव्हरन्स या मंगळावरच्या दुसऱ्या रोव्हरचा पीडीएस-4 मध्ये, जिथं लेबल एक्सएमएल (खुणा लावलेला मजकूर) असतं. कोणत्या रकान्यात काय आहे, एकक कोणतं, मोजमाप नसेल तिथं काय लिहिलंय, वेळ मंगळाची की यानाच्या घड्याळाची, हे सगळं तिथंच कळतं. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण पायथन शिकलेली पोरं इथंच घाई करतात आणि मग आलेख वेडेवाकडे का येतात म्हणून रात्रभर कोड तपासत बसतात.

पहिलं काम म्हणून मी फोटो सुचवणार नाही. क्युरिऑसिटीवर रेम्स नावाचं हवामान केंद्र आहे, स्पेनने दिलेलं. त्याच्या फाईली साध्या मजकुराच्या, स्वस्तातल्या लॅपटॉपवरही उघडतात. मंगळाच्या एका वर्षाचा, म्हणजे सुमारे 668 सोलचा, दाब काढा. सगळं आर्काइव्ह उतरवू नका; रोज एकाच वेळेची नोंद घेतली तरी वक्ररेषा सुरेख येते. दक्षिण ध्रुवावर हिवाळा पडला की हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथं गोठतो आणि क्युरिऑसिटी जिथं फिरतो त्या गेल विवरातला दाब उतरतो. ऊन वाढलं की पुन्हा चढतो. अख्ख्या ग्रहाची हवा कमीजास्त होताना स्वतःच्या आलेखात बघणं वेगळंच असतं बघा.

त्यानंतर खनिजांकडं वळा, कारण इथं आपली बाजू जड आहे. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, म्हटलं की दुसऱ्यांना पुस्तकातला फोटो आठवतो, आपल्याला विहीर आठवते: वर काळी माती, खाली मुरूम, मग पाषाण. क्युरिऑसिटीच्या केमिन या खनिजं ओळखणाऱ्या उपकरणाला गेल विवरातल्या रॉकनेस्टच्या वाळूत फेल्डस्पार, पायरॉक्सीन, ऑलिव्हिन सापडलं, म्हणजे बेसाल्टचीच मंडळी. 2013 मध्ये त्याच विवरातल्या यलोनाइफ बे या जागेच्या चिखलखडकात भोक पाडलं तेव्हा स्मेक्टाइट गटातली चिकणमाती निघाली. मराठवाड्याच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्याही याच गटातल्या खनिजामुळं. दोन्ही मात्या एकच, असं मात्र प्रबंधात लिहू नका. हवा, पाणी, काळ, सगळं निराळं आहे. तुलना कुठं तुटते हेच तुमचं काम.

आपल्या चांद्रयान-3 चा डेटाही खुला आहे. 23 ऑगस्ट 2024 ला, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी, तो जाहीर झाला. इस्रोच्या प्रदान या डेटाच्या पोर्टलवर नोंदणी करून घ्यावी लागते. प्रज्ञान रोव्हर चंद्राच्या एकाच दिवसात (आपले सुमारे चौदा दिवस), शंभरेक मीटर परिसरात फिरला. त्याच्यावरच्या एपीएक्सएस या क्ष-किरण उपकरणाने मातीतली मूलद्रव्यं 23 ठिकाणी मोजली. एमएस्सीच्या प्रबंधासाठी मला हाच संच सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण एकट्या माणसाला तो सगळा नजरेखालून घालता येतो.

याच्यावर पोट भरतं का, हे घरचे विचारणारच. ग्रहविज्ञानाच्या जागा देशात थोड्या आहेत. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा हे त्यातलं मोठं नाव, आणि तिथं पीएचडीला जायचं तर नेट किंवा गेटसारख्या परीक्षेचा अभ्यास चुकत नाही. पण लेबल वाचून डेटा साफ करण्याची सवय भूजल, खाणकाम, जीआयएस (संगणकी नकाशे) अशा कामांतही चालते. माझे काही सोबती तिकडंच गेले, आणि बरे आहेत.

प्रबंधात डेटासंचाचा डीओआय (कायमचा ओळख) क्रमांक आणि आवृत्ती न विसरता लिहा. कॅलिब्रेशन सुधारलं की नवी आवृत्ती येते, आणि परीक्षकाने तुमचा आकडा नव्या फाईलशी ताडला तर फरक कुठून आला हे त्या एका ओळीवरून दाखवता येतं.