लॅबने परत न पाठवलेला चुकीचा नमुना: कम्युनिटी पोस्टिंगला निघालेल्या नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी

जीएनएम असो वा बी.एस्सी. नर्सिंग, पहिल्या वर्षी सगळ्यांना धास्ती असते ती वॉर्डची. प्रयोगशाळा कुणाच्या खिजगणतीतही नसते. पण पावसाळ्यात कळवा, मुंब्रा, दिघा किंवा तुर्भ्याच्या वस्त्यांमध्ये पोस्टिंग लागली की निम्मा दिवस नमुन्यांतच जातो. लेबल नसलेली ट्यूब लॅब परत पाठवते, बोलणी बसतात, नमुना पुन्हा घेतला की विषय संपतो. खरा घोळ चुकीचा घेतलेला नमुना लॅबने स्वीकारला तर होतो. त्याचाही रिपोर्ट येतो आणि सगळे तो खरा धरून चालतात.

पाण्याचंच घ्या. जंतुतपासणीची बाटली नळाखाली विसळायची नाही. सवयीने हात जातोच, म्हणून आधीच बजावलेलं बरं. आत सोडियम थायोसल्फेट असतं, ते पाण्यातला क्लोरीन निकामी करतं. ते धुऊन गेलं तर उरलेला क्लोरीन वाटेत बाटलीतच जंतू मारत राहतो आणि दूषित पाणी ‘पिण्यास योग्य’ ठरतं. तोटी पुसा, २-३ मिनिटं पाणी सोडा, धातूची असेल तर ज्योतीने शेका, प्लास्टिकची असेल तर स्पिरिटने पुसा. बाटली काठोकाठ भरू नका, लॅबमध्ये ती हलवायला जागा लागते. मग बर्फाच्या डब्यातून शक्यतो ६ तासांत, फार तर २४ तासांत पोचवा. वस्तीत पाणी पहाटे येतं आणि कोकण भवनातल्या प्रयोगशाळेपर्यंतच्या रस्त्यावरची गर्दी ठाऊक आहेच, तेव्हा गाडीची सोय आदल्या दिवशीच करून ठेवा. शनिवारी दुपारी घेतलेला नमुना सोमवारी देण्यात काही अर्थ नाही.

त्याच नळावर ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टही करा, म्हणजे पाण्यात थेंब टाकून आलेल्या रंगावरून क्लोरीन मोजा. शेवटच्या टोकाच्या नळाला किमान ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) क्लोरीन हवा. रंग लगेच बघा, उशिरा बघितलात तर संयुक्त (अमोनियासारख्या घटकांशी जोडलेल्या) क्लोरीनमुळे तो गडद होतो आणि आकडा फुगतो. तपासलेलं पाणी मोरीत ओता, कुणाच्या हंड्यात नाही.

रक्त भरताना ट्यूबचा क्रम (झाकणाच्या रंगानुसार) पाठच हवा: आधी कल्चरची (जंतू वाढवून बघायची) बाटली, मग निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, राखाडी. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. त्यातलं थोडं जरी लाल ट्यूबमध्ये गेलं तरी पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं घटतं. रक्त कमी पडलं म्हणून एका ट्यूबमधलं दुसरीत ओतणं तर अजिबात नाही. सिरिंजची सुई न काढता जोराने दाबून ट्यूब भरली की तांबड्या पेशी फुटतात, सीरम लालसर दिसतं. ते बघूनच तंत्रज्ञ वैतागतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

मलेरियाच्या स्लाइडवर जाड आणि पातळ असे रक्ताचे दोन स्मिअर (काचेवर पसरलेले थर) असतात. मिथेनॉल फक्त पातळ स्मिअरला लावायचं. जाडालाही लागलं तर तांबड्या पेशी विरघळत नाहीत आणि परजीवी त्यांच्या थरात दडून राहतात. मग रुग्ण थंडीने कुडकुडतोय आणि रिपोर्ट निगेटिव्ह.

डेंग्यूत तारखेचा हिशेब महत्त्वाचा. ताप आल्यापासून पहिल्या ५ दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी), त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी). दुसऱ्या दिवशी घेतलेलं आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही असं कुणाला सांगू नका. सरकारी नोंदीत खात्रीचा रुग्ण एलायझासारख्या प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच ठरतो, खाजगीतल्या रॅपिड किटची दुसरी रेघ बघून नाही.

म्हणूनच फॉर्मवर नमुना घेतल्याच्या तारखेबरोबर ताप सुरू झाल्याची तारीखही लिहा. ‘चार-पाच दिवस झाले’ असं उत्तर मिळालं तर सण, बाजार, सुट्टी अशी एखादी खूण विचारून नेमका दिवस काढा. पत्ताही पुरा हवा: चाळीचं नाव, खोली क्रमांक, जवळचं देऊळ किंवा रेशन दुकान, घरातल्या कुणाचा तरी चालू मोबाइल नंबर. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की फवारणीवाले आणि पिंपांतल्या अळ्या शोधणारे कर्मचारी त्याच कागदावरून घर शोधणार असतात. नुसतं ‘कळवा पूर्व’ लिहिलेलं घर त्यांनी शोधायचं कुठे?