फॅरडेचा मेणबत्तीचा प्रयोग कसा करावा

मायकेल फॅरडे हा सँडेमेनियन या छोट्या ख्रिस्ती पंथाचा निष्ठावंत सदस्य. 1825 मध्ये बेन्झीन शोधणारा हा रसायनज्ञ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना मेणबत्तीवर व्याख्याने देई. त्यातला हा प्रयोग.

जाड वातीची मेणबत्ती, 5-6 मिमी आतील व्यासाची, 8-10 सेंमी लांब, उष्णतारोधक काचेची नळी आणि चिमटा घ्या. पंखा बंद करा. ज्योत हलली की खेळ संपला. मेणबत्ती पाचेक मिनिटे जळू द्या.

नळी आधी शेकून घ्या, नाहीतर मेण आतच थिजून ती तुंबते. मग चिमट्यात तिरकी धरून तिचे खालचे तोंड वातीला अगदी लागून असलेल्या काळपट भागात न्या. वरच्या तोंडातून पांढरी वाफ निघेल. तिला पेटती काडी लावा. तिथे दुसरी, इवलीशी ज्योत उभी राहते. जळते ती मेणाची वाफ, वात नव्हे.

वाफेऐवजी काळा धूर आला तर नळी पिवळ्या भागात शिरली आहे. ती काजळी, म्हणजे कार्बनचे कण; ज्योतीचा उजेड त्यांचाच. नळी किंचित खाली घ्या. काच बराच वेळ चटका देते, हात लावू नका.