पोरांना स्वतःचं भविष्य ऑनलाइन दिसतं, अशी किशोर कादंबरी कशी लिहायची

कथाकल्पना जुनीच आहे, कॉम्प्युटर सुरू केला आणि पंधरा वर्षांनंतरचं आपलंच पान समोर. मी अशा चार लिहिल्यात, त्यातल्या दोन फाडून टाकल्या, म्हणून सांगतोय.

आधी वर्ष ठरवा. गोष्ट आजची आणि भविष्य २०४०चं असं करू नका, मग तुम्ही नुसती यंत्रं शोधत बसता. गोष्ट १९९७ची घ्या. इंटरनेट आपल्याकडे सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट १९९५पासून मिळायला लागलं, फेसबुक २००४चं आणि सगळ्यांसाठी खुलं झालं ते २००६मध्ये, त्यामुळे १९९७मधल्या दहावीतल्या मृणालला २०१२चं पान दिसलं की वाचकाला तिच्यापेक्षा जास्त माहीत असतं. सगळी मजा तिथेच आहे.

घर, शाळा, मित्रमैत्रिणी हे तुम्हाला जमेलच. सदाशिव पेठेतला वाडा आणि बाबांच्या ऑफिसचा कॉम्प्युटर एवढं पुरे.

आता ते पान. मी इथेच अडकलो होतो. सगळे सांगतात की भविष्य डिटेलमध्ये रंगवा, मीही रंगवलं, नोकरी, नवरा, फ्लॅट, भांडणं, दोन पानं भरली आणि गोष्ट तिथेच संपली, कारण मृणालला शोधायला काही उरलंच नाही. तो सल्ला ऐकू नका. पानावर जास्तीत जास्त सात ओळी. आणि त्या एकतीस वर्षांच्या बाईने तिच्या मैत्रिणींसाठी लिहिलेल्या हव्यात, सोळा वर्षांच्या मुलीला समजावून सांगायला नाही. "एक्सप्रेसवेवर दोन तास अडकलोय, पिल्लू रडतंय." बस्स. मृणालला एक्सप्रेसवे माहीत नाही, तो २००२मध्ये पूर्ण झाला, तिला मुंबईला जायचं म्हणजे जुना खंडाळा घाट. "पीएमपीएमएलची वाट बघतेय" हेही तिला कळणार नाही, पुण्याची सिटी बस तिच्यासाठी पीएमटीच, पीएमपीएमएल हे नाव आलं २००७मध्ये. तिला चुकीचा अर्थ लावू द्या, लगेच दुरुस्त करू नका. आडनावाचंही तसंच, पहिलं नाव आपलं आणि आडनाव अनोळखी, तेवढ्यावर एक अख्खं प्रकरण निघतं.

पानावर कुणाचा मृत्यू टाकू नका. मी एकदा आईचा टाकला होता, मग पुढची दीडशे पानं नुसती आईला वाचवण्यात गेली, बाकीची पोरं कुठे गेली मलाच कळलं नाही. त्याऐवजी काय नाही ते दाखवा. फ्रेंड लिस्टमध्ये २४३ नावं आहेत, त्यात स्वाती नाही, आणि स्वाती रोज तिच्याच बाकावर बसते, डबा अर्धा अर्धा खातात. का नाही ते लिहू नका. मृणाल दुसऱ्या दिवशी डबा उघडताना काय करते तेवढंच लिहा. मला हे समजायला तीन ड्राफ्ट लागले.

डायल-अपचा, म्हणजे घरच्या फोनच्या लाइनवरून चालणाऱ्या इंटरनेटचा वापर करा, तो फुकटचा मदतनीस आहे. फोटो वरून खाली हळूहळू उतरतो, केस दिसले, कपाळ दिसलं, आणि आतल्या खोलीत आजीने रिसीव्हर उचलला की लाइन कट. किती दाखवायचं ते आजीच ठरवते, तुम्हाला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

मृणाल आज काही बदलते तेव्हा पान बदलायला हवं, पण एका बदलाला एकच ओळ.

मग नववी-दहावीतल्या कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवा. पीसीओ म्हणजे काय विचारलं तर एक शब्द घालून पुढे जा. "स्वातीचं काय झालं" असं दहाव्या पानाच्या आत कुणी विचारलं नाही, तर मृणालचं ते ऑनलाइन पान परत लिहायला बसा.